घाटरस्ता मरतो तो मोरीपाशी

कोल्हापुरातून कोकणात उतरायचं म्हटलं की आंबा, अणुस्कुरा, गगनबावड्याचे करूळ आणि भुईबावडा, फोंडा, आंबोली एवढीच नावं तोंडात येतात. सह्याद्रीच्या याच धारेवर आणखी पुष्कळ घाट आहेत. पडसाळीकडून काजिर्ड्याला उतरणारा काजिर्डा घाट, रांगणा किल्ल्याच्या बाजूने नारूरकडे जाणारा हनुमंत घाट, चंदगडच्या टोकाहून भेडशीकडे उतरणारा रामघाट. काहींवर अजून पायी ये-जा आहे, काहींचं वापरणं गुराख्यांपुरतं उरलंय, आणि काही ठिकाणी रस्ता होता हे फक्त गव्यांनाच ठाऊक असावं. हे घाट जमिनीवर कसे शोधायचे, त्यांची मोडतोड कुठून सुरू होते, चालताना काय पाहायचं आणि थोडीफार डागडुजी करायची झाली तर कशी, याबद्दल हे टिपण.

आधी हद्दीचं. ही धार पूर्वी राज्याराज्यांमधली हद्द होती. वर करवीर संस्थान आणि त्याच्या जहागिरी: विशाळगड पंतप्रतिनिधींकडे, बावडा पंत अमात्यांकडे. खाली सावंतवाडी संस्थान आणि इंग्रजांचा रत्नागिरी जिल्हा. दक्षिणेला रामघाट उतरून थोडं पुढे गेलं की पोर्तुगीजांचा गोवा. त्यामुळे घाटाच्या तोंडाशी चौकी, जकात, झडती हे सगळं आलंच. सावंतवाडी १९४८ मध्ये आणि करवीर १ मार्च १९४९ ला विलीन झालं, डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, आणि नाक्यांचं काम संपलं. जोत्याचे चार दगड, एखादं टाकं, शेजारी वड, एवढंच आता दिसतं.

हद्द मात्र गेलेली नाही, ती जिल्ह्याची झाली. वरचा भाग कोल्हापूर वनविभागाकडे, खालचा सावंतवाडीकडे, उत्तरेला गेलात तर रत्नागिरीच्या वनविभागाकडे. राधानगरी अभयारण्यातून वाट जात असेल तर वन्यजीव विभाग आणखी वेगळा. वरच्या कार्यालयाची परवानगी खिशात आहे म्हणून खालचा वनरक्षक सोडेल असं धरून चालू नये. दोन्हीकडे अर्ज करावा लागतो. शिवाय हद्द खिंडीतूनच जाते असंही नाही. आंबोली घाटमाथ्यावर बसलेलं गाव, पण जिल्हा सिंधुदुर्ग. तेव्हा निघण्याआधी हद्द नकाशावर बघूनच घ्या.

हे घाट ओस का पडले, याचं उत्तर बहुतेक वेळा रेल्वेत सापडतं. आंबोलीचा गाडीरस्ता होण्याआधी वेंगुर्ला बंदर आणि बेळगाव यांच्यातली वाहतूक रामघाटाने चाले. पुढे आंबोलीने रामघाटाचा माल ओढला. १८८७-८८ मध्ये बेळगावला आणि मुरगाव बंदरापर्यंत रूळ पोचले, तेव्हा खुद्द वेंगुर्ल्याचंच महत्त्व उतरलं. १८९१ मध्ये कोल्हापूर-मिरज लोहमार्ग सुरू झाला आणि इकडचा गूळ-तंबाखू बंदराकडे उतरायच्या ऐवजी मिरजेकडे वळला. उरलेलं काम मोटारीने केलं. मोटारीला जो घाट जमला तो डांबराचा झाला, बाकीचे सुटले.

एकाच घाटात रस्त्यांच्या दोन-तीन पिढ्या एकमेकींना छेदत गेलेल्या असतात, आणि गोंधळ होतो तो इथेच. सगळ्यांत जुनी वाट लमाणांच्या तांड्याची, म्हणजे पाठीवर गोणी लादलेल्या बैलांची. दुसरी बैलगाडीची. तिसरी मोटारीची, आणि तिचंही रुंदीकरण झालं की मागे टाकलेली जुनी वळणं. तिन्ही ओळखायची एकच खूण भरवशाची: चढ. लादलेला बैल १:५ चा चढ चढतो, म्हणजे पाच मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. भरलेल्या गाडीला तो झेपत नाही. तिला १:२० च्या आसपास हवा. घाटाची उंची ६०० मीटर धरली तर १:५ ने वाट ३ किलोमीटरमध्ये संपते, १:२० ने रस्ता १२ किलोमीटर होतो. म्हणून तांड्याची वाट सोंडेवरून किंवा नाळेतून, म्हणजे दोन सोंडांमधल्या खोल घळीतून, जवळजवळ सरळ उतरते आणि गाडीरस्ता डोंगराच्या अंगाला चिकटून लांबच लांब जातो.

मोजायला फार काही लागत नाही. दोन मीटरची सरळ लाकडी पट्टी आणि गवंड्याची पाणसळ घ्या. पट्टीचं वरच्या बाजूचं टोक रस्त्यावर टेकवा, पाणसळ बघून पट्टी समपातळीत धरा, आणि दुसऱ्या टोकाखाली जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. १० सेंटिमीटर भरलं तर १:२०, २० भरलं तर १:१०, ४० भरलं तर १:५. चार-पाच जागी मोजून सरासरी काढावी, कारण मधेच माती साचलेली असते. फोनवरच्या उंचीवर विसंबू नका. खोल नाळेत ती बिनदिक्कत वीस-तीस मीटर चुकते.

हेच काम घरी बसून नकाशावरही होतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशात समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात आणि कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. पायवाटेची तुटक रेघ एका समोच्च रेषेपासून दुसरीपर्यंत २ मिलिमीटरमध्ये पोचत असेल तर चढ १:५, ८ मिलिमीटर घेत असेल तर १:२०. जंगलात शिरण्याआधीच कळतं की आपण तांड्याच्या वाटेमागे आहोत की गाडीरस्त्याच्या.

फरसबंदीची वाट बघायची असेल तर अणुस्कुऱ्याला जा. पायथ्याच्या येरडवकडून वर येणारी जुनी वाट डांबरी रस्त्यापासून वेगळी आहे आणि तिच्यावर दगड बसवलेले अजून दिसतात. अशा वाटांची रचना समजून घेण्यासारखी असते. दगड सपाट टाकलेले नसतात, पुष्कळसे उभे रोवलेले असतात. थोड्या थोड्या अंतरावर मोठ्या दगडांची आडवी ओळ येते. ती ओळ म्हणजे वरच्या सगळ्या फरशीची अटकण. ती निखळली की वरची रांग घसरायला लागते. पायरी असलीच तर बुटकी आणि तिची पाटी लांब, कारण लादलेल्या बैलाला उंच पायरीवरून उतरणं माणसापेक्षा अवघड जातं. आणि ओळ सरळ काटकोनात न घालता किंचित तिरकी घातलेली दिसली तर समजा, ती पाणी कडेला काढण्यासाठी आहे.

गाडीरस्ता दिसायला याच्या उलट. फरसबंदी नाही, मुरूम आणि खडी. त्यातली बरीचशी एव्हाना वाहून गेलेली. पण रस्त्याचा माळा टिकतो: अडीच-तीन मीटर रुंदीची सपाट पट्टी, डोंगराकडच्या बाजूला तासलेला कातळ, दरीकडच्या बाजूला रचलेल्या दगडांची भिंत. वरून बघितलं तर कारवीखाली काहीच कळत नाही. खालून किंवा समोरच्या सोंडेवरून बघा, फेब्रुवारी-मार्चमध्ये, उन्हं तिरकी असताना. झाडीत एक आडवी, हळूहळू चढत जाणारी रेघ दिसते. डोंगर आपण होऊन इतकी सरळ रेघ मारत नाही. वळणंही बघा. बैलजोडी जवळजवळ जागेवर वळते, म्हणून गाडीरस्त्याची वळणं आखूड असतात. आजच्या घाटरस्त्याच्या नियमांत केसपिनासारख्या वळणाच्या आतल्या कडेला किमान १४ मीटर त्रिज्या लागते आणि वळणावरचा चढ १:४० पेक्षा जास्त चालत नाही. जुन्या रस्त्यांत हे बसत नाही. एस.टी. बस तिथे वळणारच नव्हती.

आता मोडण्याबद्दल, कारण सगळं शास्त्र इथेच आहे. घाट दरडीने बंद पडतात असं सगळे म्हणतात. दरड येते ते खरं, पण पुष्कळदा ती शेवटी येते. सुरुवात मोरीपासून, म्हणजे रस्त्याखालून पाणी पार काढणाऱ्या दगडी नाल्यापासून होते.

कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण १,००० मिलिमीटर पाऊस पडतो, गगनबावड्याला त्याच्या पाचपट, आंबोलीला सातपट. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. हिशोब करून बघा: रस्त्याच्या वरच्या बाजूला एक हेक्टर उतार आहे, तासाला १०० मिलिमीटरची सर आली आणि त्यातलं ८० टक्के पाणी वाहून खाली आलं, तर रस्त्यावर सेकंदाला सुमारे २२० लिटर पाणी येतं. एका हेक्टरचं. घाटात एका ओघळीमागे पाच-दहा हेक्टर सहज असतात.

हे पाणी सांभाळायची जुनी पद्धत ठरलेली होती. रस्त्याचा उतार डोंगराच्या बाजूला, दरीकडे नाही. डोंगराच्या पायाशी गटार. गटाराचं पाणी थोड्या थोड्या अंतरावर एका कुंडीत पडतं, कुंडीतून मोरीत शिरतं, रस्त्याखालून पार होऊन पलीकडे पिचिंगवर, म्हणजे उतारावर बसवलेल्या दगडांच्या अस्तरावर आपटतं आणि मग ओघळीला लागतं. या पाच गोष्टींपैकी एक बंद पडली की बाकीच्या चार निरुपयोगी.

आधी बहुतेक कुंडी भरते. पालापाचोळा, कारवीच्या काड्या, वरून आलेला मुरूम. दोन पावसाळे कुणी हात लावला नाही की मोरीचं तोंड दिसेनासं होतं. मग पाणी गटारातून पुढच्या मोरीकडे धावतं, ती दुप्पट पाण्याला पुरत नाही, आणि पाणी रस्ता ओलांडून दरीकडच्या कडेवरून पडायला लागतं. पडतं तिथे भिंतीचा पाया उघडा होतो. दुसरीकडे, मोरीच्या तोंडाशी तुंबलेलं पाणी रस्त्याच्या भरावात मुरतं. भराव फुगतो, भिंतीला आतून रेटा बसतो आणि भिंतीचं पोट सुटतं. पोट सुटलेली भिंत एक-दोन वर्षं तशीच उभी राहते, आणि एखाद्या जुलैत दहा-पंधरा मीटरचा तुकडा रस्त्यासकट खाली जातो. लोक म्हणतात दरड कोसळली.

खडकाचाही वाटा असतो. सह्याद्रीचा कातळ थरांचा आहे आणि पुष्कळ ठिकाणी दोन थरांमध्ये तांबड्या, गेरूसारख्या मातीचा पट्टा असतो. वरच्या थराच्या भेगांतून उतरलेलं पाणी या पट्ट्याशी अडतं आणि आडवं बाहेर येतं. रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला असा लाल पट्टा दिसला आणि डिसेंबरातही तिथे ओल असली तर ती जागा लक्षात ठेवा. पट्टा झिजत जातो, वरचा कातळ अधांतरी राहतो आणि मोठमोठ्या चिरा सुटतात. तिथे डबा खायला बसू नये.

भिंतींबाबत एक गैरसमज मोडायला हवा. कोरड्या रचाईची, म्हणजे चुना-सिमेंट न घालता रचलेली भिंत कच्ची आणि सिमेंटने सांधे भरलेली पक्की, असं बहुतेकांना वाटतं. घाटात बरोबर उलटं होतं. कोरड्या भिंतीच्या फटीफटीतून पाणी निघून जातं, म्हणून तिच्यामागे दाब साठत नाही. तीच भिंत कुणीतरी भल्यासाठी सिमेंटने बंद केली, पाणी निघायला भोकं ठेवली नाहीत, की दोन-तीन पावसाळ्यांत तिचं पोट सुटतं. चुन्यातली जुनी भिंत असेल तर डागडुजी चुन्यानेच करावी. आणि कुणी सिमेंटची गोणी घेऊन घाटात निघालाच असेल, तर त्याला गोड बोलून परत पाठवावं.

डागडुजी कुठे आणि किती? परवानगी हातात असेल तर दिवाळीनंतर ते मेअखेर हा काळ. सुरुवात नेहमी मोरीच्या खालच्या, म्हणजे दरीकडच्या तोंडापासून करा. वरचं तोंड आधी मोकळं केलं आणि खालचं बंदच असलं तर पहिल्याच पावसात मोरी पाण्याने गच्च भरते आणि तिच्यावर आडव्या टाकलेल्या दगडी चिपा उचलल्या जातात. सामान साधं: दोन पहारी, टिकाव, फावडी, घमेली, कोयते, एक लांब बांबू, दोर. हात घालण्याआधी बांबू आत फिरवा. मोऱ्यांत घोणस असते, खालच्या जांभ्याच्या पट्ट्यात फुरसं. मोरी कितीही मोठी असली तरी माणूस आत पाठवू नका. वरची चीप तडकलेली आहे की नाही, हे आतून कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

काढलेला गाळ कुठे टाकायचा हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण नव्या उत्साहात तोच चुकतो. गाळ दरीकडच्या कडेवर ढीग करून टाकला की भिंतीवर भार वाढतो, आणि पाऊस आला की तोच गाळ खालच्या वळणावरच्या मोरीत जाऊन बसतो. तो उघड्या कातळावर किंवा रस्त्यातल्या खड्ड्यांत भरा. कारवी आणि रानमोडी कापा, उपटू नका; मुळांनी धरलेली माती तेवढीच भरवशाची. भिंतीत पिंपळ किंवा वड रुजला असेल तर ओढून काढायचा मोह टाळा, मुळांबरोबर चार दगड निघतात. तोंडालगत कापून टाका, आणि दरवर्षी कापत राहा.

पडलेली भिंत पुन्हा रचायची तर दीड मीटर उंचीपर्यंतच हौशी माणसांनी हात घालावा. पाया घट्ट मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खणा आणि तो डोंगराच्या बाजूला किंचित कलता ठेवा. तळाची जाडी उंचीच्या निम्मी, म्हणजे दीड मीटरला ७५ सेंटिमीटर. माथ्याला ५० पुरे. मागची बाजू उभी, समोरची दर मीटरला १५ ते २० सेंटिमीटर आत कलती. मोठे दगड तळाला. सांध्यावर सांधा येऊ देऊ नका. साधारण मीटरभर अंतराने एक लांब दगड आरपार आत घाला, गवंडी त्याला हेडर म्हणतात. हेडर नसलेल्या भिंतीची पुढची फळी सुटून पडते आणि मागची तशीच उभी राहते. मागे ३० सेंटिमीटर जाडीचा कपचीचा थर द्या, माती अजिबात नको. तीन मीटर लांबीला या मापाने २.८ घनमीटर, म्हणजे एक ब्रास दगड लागतो. बहुतेक दगड खालच्या उतारावर पडलेलाच असतो. तो वर आणताना खाली कुणी उभं राहायचं नाही, हे आवर्जून सांगावं लागतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर कुंड्यांतला पाला एकदा हाताने काढला, तर बाकी वर्षभराच्या कामापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

चालणाऱ्यांसाठी थोडं. अनोळखी घाट पहिल्यांदा चढून या, उतरून जाऊ नका. चढताना फुटलेल्या वाटा वर एकत्र येतात, कारण खिंड एकच असते. उतरताना त्याच वाटा फुटत जातात आणि त्यातली एखादी कड्याच्या तोंडाशी संपते. म्हणजे आदल्या दिवशी एस.टी.ने खाली उतरून, कोकणातल्या गावात मुक्काम करून, पहाटे निघणं आलं. गावातला माहीतगार सोबत घ्या आणि त्याला दिवसाची मजुरी द्या. फेब्रुवारीनंतर घाटातली टाकी आटतात किंवा त्यात गव्यांनी चिखल केलेला असतो. माणशी चार लिटर पाणी वाहून न्या. कड्याला आग्यामोहोळ असेल तर धूर नाही, अत्तर नाही, आरडाओरडा नाही. रस्ता तुटून घसारा झाला असेल तर आधी वर बघा: ताजी उघडी माती, मुळं लोंबकळणारी झाडं दिसली तर फिरा मागे. नाहीतर एकेकाने, न थांबता, दुसऱ्याने वर लक्ष ठेवून पार करा. पाऊस पडून गेल्यावर चोवीस तास घसाऱ्यात पाऊल नको. पावसाळ्यात तर हे घाट सोडूनच द्या.

मोटारसायकली आणि फोर-बाय-फोर या रस्त्यांवर घालू नका. जंगलाचा कायदा आड येतोच, शिवाय चाकाची चाकोरी म्हणजे उताराला धरून खणलेला चर. ज्या रस्त्याचा सगळा डाव पाणी आडवं नेण्यावर आहे, तिथे एका दुपारच्या मौजेने ते उभं वाहायला लागतं.

सध्या बघण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. करूळ घाट २०२४ च्या जानेवारीपासून वर्षभर रुंदीकरणासाठी बंद होता, इतर घाटांतही यंत्रं चालू असतात. नवा रस्ता तासताना निघालेला मलबा उतारावर लोटला जातो आणि खालून जाणारी जुनी वाट, तिच्या मोऱ्या, टाकी त्याखाली जातात. पुढच्या पावसाळ्यात तोच मलबा ओघळीत उतरतो. जुन्या वाटेचा फोटो आणि जागेचे अक्षांश-रेखांश काम सुरू होण्याआधी नोंदवून दोन्ही बाजूंच्या सार्वजनिक बांधकाम उपविभागांना लेखी कळवता येतात, आणि अर्जाची पोच मागून घ्यावी.